दाजींची सोबत

माझ्या दाजींनी आजवर या जगात कुणालाही कुठलीही गोष्ट एकट्यानं करू दिलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे गंगापूरकडचे, शेतकरी घरातले, आणि गेली तीसेक वर्षं वाळूजच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट सांभाळून बजाजनगरच्या रो-हाऊसमध्ये स्थिरावलेले. माणूस दिसायला साधा. पण कुणी काही करतंय असं दिसलं की हे लगेच त्याच्या शेजारी जाऊन तेच करायला लागतात. आक्काची अक्कलदाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी तिला मऊ भात सांगितला, तर स्वतःचे दात ठणठणीत असलेले दाजी आठवडाभर तिच्या ताटाला ताट लावून मऊ भात खात बसले आणि गालाला मफलर गुंडाळून कंपनीत गेले. कुणाची दाढ काढली म्हणून विचारलं, तर "आमची" म्हणाले. शेजारच्या गृहस्थांनी तंबाखू सोडायची शपथ घेतली तेव्हा दाजींपुढं मोठाच पेच पडला, कारण त्यांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. मग त्यांनी चहा सोडला. शेजाऱ्यांची तंबाखू चारच दिवसांत सुरू झाली, पण दाजींचा चहा मात्र कायमचा सुटला. म्हणाले, "तो परत कवा सोडील त्याचा नेम नाय. तवा मला परत सुरवात करावी लागंल. त्यापरीस बंदच बरा."

मला मुळातच चौकशीची खोड. चिकलठाण्याला शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसभर मुलांना प्रश्न विचारायचे आणि संध्याकाळी उरलेले प्रश्न नातेवाइकांना विचारायचे, असा माझा रिवाज. त्यातून मेव्हणीनं दाजींची खेचायची असते हा आमच्याकडचा हक्कच आहे आणि तो मी लग्नाच्या मांडवापासून मनापासून बजावत आले आहे. चाळिशीत मी स्कूटर शिकायला घेतली तेव्हा दाजी रोज मैदानावर हजर. स्कूटरला हात न लावता, नुसते शेजारून धावायचे. एकदा वळणावर मी स्कूटरसकट आडवी झाले. उठवायचं सोडून दाजी माझ्याशेजारी धुळीत मांडी घालून बसले. मी कळवळत म्हटलं, "दाजी, हात द्या की! बसलात काय?" तर म्हणाले, "देतो. पन आधी जराशीक दम खा. पडल्यावर बसायलाबी सोबत पायजे माणसाला." ही सोबतीची खोड त्यांना लागली कुठून, हे मी त्यांना किती वेळा विचारलं असेल! दर वेळी एकच उत्तर यायचं, "सोबतीला काय कारन लागतंय व्हय?"

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं, आशूनं, नौदलात जायचं ठरवलं.

आमच्या सात पिढ्यांचा समुद्राशी आलेला संबंध म्हणजे मीठ. आक्का तर हतबुद्धच झाली. "अगं, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावातली पोर तू. तुला नौदल कुठून आठवलं?" आशू म्हणाली, "म्हणूनच आठवलं." पोरगी हुशार, काटक आणि बापावर न गेलेली, म्हणजे आपलं काम आपण उरकणारी. कॉलेजच्या मैदानावर धावून धावून तिनं भरतीची तयारी केली, परीक्षा दिली, निवड झाली, आणि प्रशिक्षणासाठी ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी हजर व्हायचं ठरलं. चार महिने तिथं राहायचं, शेवटी परेड, आणि परेड झाली की पोरगी नौसैनिक. हे सगळं ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी दाजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मेव्हणीबाई, तुम्ही शिकलेल्या हात म्हनून विचारतो. तिथं घरच्या माणसाला ठेवून घेत्यात का?"

ठेवून घेत नाहीत हे कळल्यावर त्यांनी निदान पोचवायला येतो म्हणून हट्ट धरला. आशूबरोबर आणखी दोन मुली होत्या आणि त्यांचे आईवडील येणार नव्हते, त्यामुळे तिनं साफ नाही सांगितलं. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. गाडी हलली, आक्कानं डोळ्याला पदर लावला, आणि पदर काढून बघते तर शेजारी दाजी नाहीत. ते डब्याच्या दारात उभे राहून हात हलवत होते. "जालन्यापर्यंत जातो गं फक्त!" असं ओरडले. जालन्यानंतर परभणीपर्यंत गेले, मग नांदेडला आशूनं त्यांना जवळजवळ ढकलूनच उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीनं, चपलेचा एक अंगठा तुटलेल्या अवस्थेत, घरी आले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. दिवाळी होते न होते तोच गावाकडच्या विहिरींनी तळ दाखवला आणि बजाजनगरात सकाळपासून टँकरचे भोंगे वाजू लागले. अशा दिवसांत दाजींनी आपल्या रो-हाऊसमध्ये नौदल सुरू केलं.

झालं असं, की प्रशिक्षणात मुलींना फक्त रविवारी दुपारी घरी फोन करायला मिळायचा, तोही थोडा वेळ. पहिल्या रविवारी आशूनं सांगितलं की पहाटे उठावं लागतं, केस मानेपर्यंत कापले, अंथरुणाची घडी अशी घालतात की सुरकुती दिसता कामा नये. फोन ठेवला आणि दाजी उठले ते थेट चौकातल्या सलूनमध्ये. सलूनवाला यांचा जुना मित्र. यांच्या डोक्यावर मुळात कानांच्या आसपास थोडी झालर उरलेली, ती उडवा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "क्या चाचा, फौज में भरती हो गए क्या?" दाजी म्हणाले, "मेरी बेटी हुई. बाल मेरे काटो." सलूनवाल्यानं काही न विचारता मशीन फिरवलं. तीस वर्षांची ओळख होती, त्याला काय नवल वाटणार!

दुसऱ्या दिवसापासून कंपनीचा पहिला भोंगा वाजायच्या आत दाजी अंगणात. पांढरा बनियन, पांढरी अर्धी चड्डी, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. स्वतःच "सावधान" म्हणायचे आणि स्वतःच सावधान व्हायचे. गल्लीतली दूध आणायला निघालेली माणसं थबकून बघायची, आणि दाजी न हलता, ओठ न हलवता म्हणायचे, "बोलता येत नाय. ड्रिल चालू हाये." लग्नानंतर प्रथमच त्यांनी स्वतःच्या अंथरुणाची घडी घातली, तेव्हा आक्का म्हणाली, "पोरगी आधीच पाठवायला पाहिजे होती." पण हा आनंद फार टिकला नाही. प्रशिक्षणात भराभर जेवावं लागतं असं कळल्यावर दाजी असे जेवायला लागले की भाजी कशाची होती हे त्यांना ताट धुतल्यावर विचारावं लागे. एका रविवारी आशूनं सांगितलं की कुणा एकीचा पट्टा चकाकत नव्हता म्हणून सगळ्या तुकडीला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. सोमवारी मी सहज म्हणून बजाजनगरला गेले तर दाजी कॉलनीच्या बागेला धापा टाकत फेऱ्या मारत होते. वॉचमन काळजीनं विचारत होता, "काका, झालं काय?" आणि दाजी धावता धावता सांगत होते, "सजा हाये. पट्टा चकाकत नव्हता."

मी खूप हसले. हसता हसता विचारलंही, "दाजी, तिला इथून काय कळणार तुम्ही धावताय ते?"

ते थांबले, गुडघ्यांवर हात टेकून म्हणाले, "तिला कळून काय करायचंय? मला कळतं ना, तिला किती दम लागला आसंल ते."

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती जानेवारीतल्या एका रविवारी. त्या दिवशी आशूचा आवाज वेगळा होता. पोहण्याची परीक्षा झाली होती आणि ती नापास झाली होती. उथळ पाण्यात हातपाय मारता येत होते, पण खोल पाण्याकडं गेलं की तिचा हात आपोआप काठाच्या कठड्याकडं जायचा आणि तिथंच घट्ट धरून बसायचा. आणखी एक संधी मिळणार होती. त्यात जमलं नाही तर ती तुकडीतून मागं पडणार, पुढच्या तुकडीबरोबर सगळं पुन्हा करावं लागणार, आणि मार्चातल्या परेडला तिच्या मैत्रिणी चालताना ती बाजूला उभी राहणार. "पप्पा, बाकी सगळ्यात मी पुढं आहे," ती म्हणाली. दाजी रविवारचा फोन उभं राहून, टाचा जुळवून घेत असत. त्या दिवशी फोन बंद झाल्यावरही ते तसेच उभे राहिले.

आता यात पोरीचा काय दोष? आमच्याकडं पोहायला शिकायचं म्हणजे विहिरीत शिकायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचं, पाठीला वाळलेला भोपळा बांधून घ्यायचा आणि कुणातरी मोठ्यानं विहिरीत लोटून द्यायचं. भोपळा तरंगतो, त्याच्याबरोबर पोरही तरंगतं, आणि सुट्टी संपेपर्यंत माशासारखं पोहायला लागतं. पण आशूचं ते वय आलं तेव्हा लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. सुट्टीत गावाला गेली की तिनं विहिरीत डोकावून तळाचे दगड पाहिले, त्यांत पडलेली एक चप्पल पाहिली आणि परत आली. तिच्या वयाची आमच्याकडची पोरंच्या पोरं अशी कोरडी वाढली.

"पण दाजी, तुम्ही तर गोदाकाठचे," मी म्हटलं. "तुम्ही तिला फोनवर युक्ती सांगा की."

दाजींनी आक्काकडं पाहिलं. आक्का जमिनीकडं बघून हसू दाबत होती. मग कळलं, की आमचे दाजी, ज्यांच्या लहानपणी विहिरी काठोकाठ भरलेल्या असत, त्यांना पोहता येतच नाही. सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची आणि हे वर काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. पाण्याची भीती, दुसरं काय! जन्मात एकदाच त्यांनी कुणाला सोबत दिली नव्हती आणि ती नेमकी इथं. त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही. चिडवण्यासारखा चेहराच नव्हता तो.

पुढच्या रविवारी फोन झाल्यावर दाजींनी मोटारसायकल काढली आणि ते गावाला गेले. मी आणि आक्का मागोमाग जीपनं. मला राहवलंच नाही. दाजींच्या चुलतभावाची, नानांची, विहीर धरणाच्या फुगवट्याजवळ असल्यानं तेवढीच काय ती पाणी राखून होती. वाटेत दोन्ही बाजूंना वाळलेली तूर आणि तिच्यामध्ये प्लॉटिंगसाठी मारलेल्या चुन्याच्या रेषा. शहर गावाच्या दारात येऊन उभं राहिलं होतं, फक्त पाणी तेवढं आणायला विसरलं होतं. नाना सत्तरीचे, अख्ख्या गावाला पोहायला शिकवलेले. त्यांनी माळ्यावरून जुने वाळलेले भोपळे काढले. लहान पोराला एक पुरतो. दाजींचा घेर बघून नानांनी दोन बांधले. चौपन्न वर्षांचा, डोक्याचा गुळगुळीत गोटा केलेला, पाठीवर दोन भोपळे बांधलेला गृहस्थ विहिरीच्या पायऱ्या उतरतोय म्हटल्यावर गाव लोटलं. बायका डोक्यावरचे हंडे उतरवून काठावर बसल्या. दाजी शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात जाऊन जे उभे राहिले ते राहिलेच.

"आरं, मार की उडी!" खाली पाण्यात उतरलेले नाना ओरडले.

"मारतो. जरा पान्याची वळख होऊ द्या."

"तुझ्या वळखीपाळखीत पानी आटंल, मर्दा!"

त्या दिवशी ओळखच झाली. दुसऱ्या खेपेला दाजी पाण्यात उतरले, आणि उतरताना त्यांनी जी आरोळी ठोकली तिनं पिंपळावरची पाखरं उडाली. मग ते येतच राहिले. सुट्टीच्या दिवशी विहिरीत, आणि एरवी घरात आक्काच्या शिवणाच्या स्टुलावर पालथे पडून हातपाय मारायचे. आक्का त्यांच्या पोटाखालून सुईदोरा काढून घ्यायची. हळूहळू त्यांना भोपळ्यांच्या आधारानं विहीर पार करता यायला लागली. दर वेळी पलीकडं पोचले की ते मान वळवून पाठीवरचे भोपळे जागेवर आहेत ना, हे बघून घ्यायचे.

आणि मग नानांनी ते केलं, जे त्यांनी गावातल्या प्रत्येक पोराबरोबर केलं होतं. दाजी विहिरीच्या या टोकाला, दगडाला धरून, पलीकडं निघायच्या बेतात होते. नाना पाण्यात त्यांच्या मागं होते. मी काठावरून स्पष्ट पाहिलं: नानांनी गाठ सोडली, दोन्ही भोपळे अलगद बाजूला घेतले आणि माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. दाजी निघाले. फुरफुरत, पाणी उडवत, पलीकडच्या पायरीला जाऊन लागले, वर चढले, आणि सवयीनं मान वळवून बघतात तर पाठ मोकळी, आणि भोपळे विहिरीच्या मधोमध नानांच्या हातात. गावानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं दाजी आनंदानं उडी मारतील. पण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"नाना," ते म्हणाले, "मला एकट्याला सोडलं व्हय?"

"सोडल्याबिगर कळतं का येतंय म्हनून?" नाना म्हणाले. "आन् एकटा कुठं? मी हुतो की मागं."

परत येताना मी मुद्दाम दोन टोमणे मारून पाहिले, ते वाया गेले.

त्यानंतरच्या रविवारचा फोन मला अजून जसाच्या तसा आठवतो. परीक्षा चार दिवसांवर आली होती. आशू रडत नव्हती, पण रडायच्या काठावर होती. म्हणाली, "पप्पा, सर म्हणतात तुला येतं, फक्त कठडा सोड. पण हात सुटतच नाही." मला खात्री होती की आता दाजी म्हणणार, मी येतो. आक्कालाही तीच खात्री होती. तिची नजर बॅगेकडं गेली होती. दाजी टाचा जुळवून उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"माय, ऐक. माझ्या पाठीचा भोपळा नानांनी कवा सोडला मला समजलंबी नाय. मी पवतच हुतो. तुझाबी सुटलाय, बरं का. लई आधी सुटलाय, तुला ठावं नाय एवढंच. काठ सोड माय. मागं मी हायेच."

"तुम्ही पोहायला लागलात, पप्पा?" तिकडून आशू चकित होऊन हसत म्हणाली, आणि तिचं ते हसू ऐकून आक्काच इकडं रडायला लागली.

तो आठवडा काही सरेना. दाजी कंपनीत गेले, पण स्टोअरमध्ये बोल्ट मागितला तर नट द्यायचे. परेडला जायची गाडीची तिकिटं केव्हाच काढून ठेवलेली होती. ती फ्रिजवर चुंबकाखाली होती आणि येताजाता कुणीही त्यांच्याकडं बघत नव्हतं. रविवारी फोन वाजला. आशूनं कसं आहे, काय आहे काही विचारलं नाही. म्हणाली, "पप्पा, परेडला या." दाजी सावधानमध्येच होते. ते तसेच, सरळ, हळूहळू खाली फरशीवर बसले.

दोन गाड्या बदलून आम्ही तिघं निघालो. दुष्काळी मुलखातला माणूस घरातून निघताना पाणी बरोबर घेतो. दाजींनी तर दोन कॅन भरून घेतले होते आणि डब्यातल्या सगळ्यांना पाजत होते. दुपारची वेळ होती, आक्काला डुलकी लागली होती. मी माझा नेहमीचा प्रश्न पुन्हा विचारला आणि कसं कोण जाणे, या वेळी त्यांनी उत्तर दिलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वाळूजला कामाला आलो तवा बजाजनगर नव्हतंच म्हना की. माळ हुता नुसता. एक खोली, तिला दार नव्हतं, गोणपाट लावलेलं. घरात आम्ही बारा माणसं एका पंक्तीला जेवायचो, आन् तिथं पहिल्या दिवशी एकटाच भाकर सोडून बसलो. घास उतरंना. मग मी भाकर बांधली आन् कंपनीच्या गेटवर जाऊन बसलो. तिथला वॉचमन जेवत हुता. वळख नाय पाळख नाय. तो नुसता जराशीक सरकला. काय बोलला नाय. तवा उतरला घास." एवढं बोलून त्यांनी समोरच्या प्रवाशाचा पेला पुन्हा पाण्यानं भरला. इतक्या वर्षांचं माझं कुतूहल असं एका घोटात संपलं, आणि मला पहिल्यांदाच काही चौकशी करावीशी वाटेना.

चिल्का सरोवर दिसलं तेव्हा दाजी अवाक् झाले. नजर जाईल तिथवर पाणी. टँकर नाही, हंड्यांची रांग नाही, कुणी राखायला नाही. "एवढं पानी हे लोक असंच उघड्यावर टाकून देत्यात?" ते म्हणाले. मग काठाशी जाऊन त्यांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारट हाये. तरी म्हनलं, अजून कुणी उचललं कसं नाय."

परेड संध्याकाळी होती. बँड वाजू लागला आणि पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या मुलामुलींच्या रांगा मैदानात आल्या. सगळ्या एकसारख्या. आशू कोणती? आक्का म्हणाली डावीकडची, मी म्हटलं मागची. दाजींनी क्षणात ओळखली. "ती बघा, तिसऱ्या रांगेतली. हात कसा जातोय बघा, आपल्याच घरचा हात हाये." मग काय! आम्ही तिघांनी त्या मुलीवर डोळे लावले. ती चालली की दाजी जागच्या जागी पाय हलवायचे, ती थांबली की थांबायचे. तिनं सलामी दिली तेव्हा आम्ही तिघंही मनसोक्त रडलो. परेड संपली, घरच्यांना मैदानात सोडलं, आम्ही त्या मुलीकडं धावलो, आणि पाठीमागून आवाज आला, "पप्पा! मी इकडं!" आशू पहिल्याच रांगेत, आमच्या नाकासमोर होती. ती तिसऱ्या रांगेतली पोरगी केरळकडची निघाली. आक्का ओशाळली. "दुसऱ्याच्या लेकीसाठी रडलो की हो आपण!" दाजींनी वळून त्या मुलीकडं पाहिलं. ती एकटीच उभी होती. तिच्या घरचं कुणी आलेलं नव्हतं. दाजी म्हणाले, "बरं झालं. तिलाबी सोबत झाली." आणि आमच्या डब्यातला दराब्याचा पहिला लाडू तिच्या हातावर पडला, आशूच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशूला पुढच्या प्रशिक्षणासाठी निघायचं होतं. फाटकापाशी तिनं आम्हाला वाकून नमस्कार केला. खांद्यावर तिच्या उंचीची बॅग, तीही तिनं एका झटक्यात उचललेली. दाजी म्हणाले, "स्टेशनापर्यंत येतो गं फक्त." आम्हाला ते "फक्त" नांदेडपासून माहीत होतं. आशू हसली. जवळ आली आणि बापाच्या शर्टाची कॉलर नीट करत म्हणाली, "पप्पा, काठ सोडा की आता."

ती चालायला लागली, ताठ, परेडच्या चालीत. तिच्याबरोबर दाजींचा डावा पाय आपोआप उचलला गेला. तो पाय हवेतच थोडा वेळ राहिला, मग त्यांनी तो होता तिथंच खाली ठेवला. ती वळणाआड होईपर्यंत ते सावधान उभे होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगते, परेडमध्ये मला एवढं भरून आलं नव्हतं.

पुढं उन्हाळा आला, नानांची विहीरही आटली. आशूला आता स्वतःचा फोन जवळ ठेवता येऊ लागला. ती गुरुवारी करते, मंगळवारी करते, मनात येईल तेव्हा करते. रविवारची वेळ तशी राहिलीच नाही. अशाच एका रविवारी दुपारी मी बजाजनगरला गेले. आक्का टँकरच्या रांगेत होती. आत दाजी कॉटवर बसले होते. दाढी केलेली, पांढरा शर्ट, समोर स्टुलावर फोन ठेवलेला. फोन वाजणार नव्हता, आणि तो वाजणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. चिडवण्यासारखं पुष्कळ होतं. मी दारात चप्पल काढली.

"या मेव्हणीबाई," ते जरा ओशाळून म्हणाले. "काय काम काढलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

दाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं. पुढं काही न विचारता ते कॉटवर जरासे सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा करून दिली.